टॉवर उभाच आहे, तर त्यालाच अँटेना करा: ८० आणि १६० मीटरबद्दल

नमस्कार. तुमच्या हॅम रेडिओच्या, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवायच्या रेडिओच्या, स्टेशनबद्दल तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलुंड पूर्वेला चार मजली इमारत, गच्चीवर १२ मीटरचा लॅटिस (जाळीदार) टॉवर, माथ्यावर २०-१५-१० मीटर बँडचा (बँड म्हणजे त्या तरंगलांबीच्या लहरींचा पट्टा) तीन घटकांचा बीम, म्हणजे एका दिशेला रोखायचा अँटेना. बीमच्या खालून ४० मीटरचा इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे मध्य वर आणि दोन्ही पाय खाली उतरलेला तारेचा अँटेना. गच्चीपासून जेमतेम चार मीटरवर, टोकं दुमडून बांधलेला ८० मीटरचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली आडवी तार). रिग (प्रक्षेपक आणि रिसीव्हर एकत्र असलेला संच) १०० वॉटचा. ४० वर काम बरं चालतं. ८० वर रात्री युरोप ऐकू येतो, पण हाकेला ओ मिळत नाही आणि नॉइज कायम एस-८ (रिगच्या सिग्नल-मीटरवरचा आकडा). १६० वर अजून पाऊलच टाकलेलं नाही. टॉवर आहेच, तर त्याच्या जोरावर खालचे बँड कसे सुधारायचे?

माझं मत आधी सांगतो, कारणं मागून देतो. टॉवरला आणखी एक तार टांगू नका. टॉवरलाच ८० मीटरचा अँटेना करा, गच्चीवर त्याला नीट रेडियल्स, म्हणजे टॉवरपासून चहूकडे पसरलेल्या परतीच्या प्रवाहाच्या तारा, द्या आणि ऐकायला वेगळा छोटा लूप (कड्यासारखा अँटेना) लावा. या तिन्हींत सगळ्यात जास्त मेहनत रेडियल्सवर घ्या. बहुतेक जण तिथेच कंटाळतात आणि मग टॉवरला नावं ठेवतात.

४० मीटरला हात लावू नका. तुमची गच्ची जमिनीपासून साधारण १४ मीटरवर आहे, त्यावर टॉवर. म्हणजे व्हीचा माथा जमिनीपासून २५ मीटरच्या आसपास येतो. ४० मीटरच्या लहरीला ही अर्ध्या तरंगलांबीहून जास्त उंची झाली. आडव्या अँटेनाची कमी कोनातली ताकद लांबच्या जमिनीवरून होणाऱ्या परावर्तनावर ठरते, म्हणून उंची गच्चीपासून नव्हे, जमिनीपासून मोजायची. खालचा स्लॅब आणि त्यातल्या सळया अँटेनाचा इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा एकूण विरोध) हलवतात, थोडी शक्ती खातात, पण लांबच्या कामात फार आड येत नाहीत. शहरात एवढी उंची मिळणं हे भाग्यच आहे.

८० चं गणित वेगळं. तुमचा डायपोल जमिनीपासून १८ मीटरवर, म्हणजे तरंगलांबीच्या ०.२२ पट उंचीवर आहे. या उंचीवर बहुतेक शक्ती थेट डोक्यावर जाते. पुणे, नाशिक, नागपूर, हैदराबादशी रात्री बोलायला हे छान, पण २० अंशांच्या कोनात सिग्नल डोक्यावरच्या मानाने जवळपास ७ डेसिबेल (सिग्नलची ताकद तोलायचं माप) पडलेला असतो, आणि युरोपला पोचायला तेच कमी कोन लागतात. तार टॉवरच्या टोकापर्यंत नेली तर उंची ०.३ पट होते आणि २० अंशांत साधारण अडीच डेसिबेल मिळतात. तेही तार पूर्ण आडवी राहिली तर. तुमच्या गच्चीत व्हीचे पाय खाली उतरवावे लागतील, आणि मिळवलेल्यातलं बरंचसं तिथेच परत जाईल. शिवाय ते पाय टॉवरशी विद्युतदृष्ट्या इतके जोडले जातात की पुढे टॉवर वापरायची वाट बंद होते. म्हणून तो मार्ग मी सुचवत नाही.

आता टॉवर. ३.५५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी साधारण २१ मीटर. टॉवर आणि वरचा मास्ट-पाइप मिळून गच्चीपासून १३-१४ मीटर होतात. वरच्या बीमचा बूम (मधली आडवी दांडी) आणि घटक कॅपॅसिटी हॅटचं, म्हणजे अँटेनाला विद्युतदृष्ट्या लांब करणाऱ्या टोपीचं, काम करतात, त्यामुळे प्रत्यक्ष उंची कमी असली तरी विद्युतदृष्ट्या टॉवर पाव तरंगलांबीच्या बराच जवळ जातो. पाया अर्थिंगला जोडलेला आहे म्हणून अडत नाही. शंट फीडमध्ये टॉवर जमिनीला जोडलेलाच राहतो. बाजूने एक उभी तार वर नेऊन ठरावीक उंचीवर टॉवरला जोडायची आणि खालून त्या तारेला कपॅसिटरमार्गे कोअक्स (रिगपासून येणारी शील्डवाली केबल) द्यायची. यालाच गॅमा मॅच म्हणतात. पायाखाली इन्सुलेटर घालण्यापेक्षा मला हे कधीही पसंत, कारण विजेसाठीची पट्टी जागच्या जागी राहते. मुंबईत मे-जूनमध्ये आणि पाऊस परतताना ऑक्टोबरमध्ये विजा कडाडतात, तेव्हा ती पट्टी सोडवून ठेवलेला टॉवर गच्चीवर नको.

सुरुवात वरून करा. बीमचा बूम मास्टला घट्ट असतो, पण मास्ट आणि टॉवर यांच्यामध्ये रोटेटर (बीम फिरवणारी मोटर) आणि बेअरिंग येतात, आणि ग्रीस भरलेल्या बेअरिंगवर आरएफचा, म्हणजे रेडिओ वारंवारतेच्या प्रवाहाचा, भरवसा ठेवता येत नाही. मास्टपासून टॉवरपर्यंत तांब्याची चपटी वेणी लावा, बीम फिरण्यापुरता झोल सोडून. मग टॉवरचा प्रत्येक सांधा तपासा. मुंबईच्या हवेत दोन-तीन पावसाळे काढलेला गॅल्व्हनाइज्ड सांधा बाहेरून शाबूत दिसतो, बोल्टखाली मात्र गंजाचा थर बसलेला असतो. प्रत्येक सांध्यावरून एक जम्पर टाका. उघडं तांबं जस्तावर थेट दाबू नका. खाऱ्या दमट हवेत जस्त झपाट्याने खाल्लं जातं. कलई केलेला लग, मध्ये स्टेनलेसचा वॉशर, वर अँटी-ऑक्सिडंट पेस्ट. नट-बोल्ट नागदेवी स्ट्रीटवर, वायर लोहार चाळीत आणि बाकीचं लॅमिंग्टन रोडवर मिळून जातं. बीमची कोअक्स आणि रोटेटरची केबल टॉवरच्या आतून खाली आणा. कोअक्सची शील्ड वर आणि पायथ्याशी, दोन्हीकडे टॉवरला जोडा, नाहीतर टॉवरवरचा आरएफ त्या केबलींवरून सरळ शॅकमध्ये, म्हणजे रिगच्या खोलीत, उतरेल.

टॉवरला ताण देणाऱ्या गाय-वायर स्टीलच्या असतील तर त्या अंडाकृती इन्सुलेटर घालून तोडाव्या लागतील, नाहीतर त्याही अँटेनाचा भाग होतात आणि कुठे काय जुळतंय याचा पत्ता लागत नाही. पहिला इन्सुलेटर टॉवरच्या अगदी जवळ हवा.

रेडियल्सवर जरा थांबू. पाव तरंगलांबीच्या पूर्ण उंचीच्या उभ्या अँटेनाचा रेडिएशन रोध (लहरींच्या रूपाने बाहेर जाणारी शक्ती दाखवणारा रोध) ३६ ओहम असतो. तुमच्या बुटक्या, वरून भार दिलेल्या टॉवरचा तो २० ओहमच्या आसपास धरा. परतीच्या वाटेत, म्हणजे स्लॅब, सळया आणि अर्थिंगची पट्टी यांत मिळून आणखी २० ओहम जात असतील, तर १०० वॉटपैकी ५० वॉट गच्ची गरम करतात. जमिनीवरच्या उभ्या अँटेनाबद्दल १९३७ मध्ये आरसीए या अमेरिकन रेडिओ कंपनीच्या ब्राउन, लुईस आणि एप्स्टाइन यांनी केलेली मोजमापं आजही पाया मानली जातात. प्रक्षेपण केंद्रांमध्ये १२० रेडियल्स पुरायची पद्धत त्यांतूनच रुजली. चौथ्या मजल्याच्या गच्चीवर १२० तारा पुरणार कुठे? पण तिथे दुसरा मार्ग आहे. जमिनीपासून आणि स्लॅबपासून वर उचललेल्या, बँडला जुळवलेल्या चारच तारा पुरतात, कारण परतीचा प्रवाह त्या तारांतूनच वाहतो आणि तोटा देणाऱ्या सिमेंटमध्ये कमी उतरतो.

तुमची गच्ची २४ बाय ११ मीटर आहे. चार रेडियल्स टॉवरच्या अंगापासून, गच्चीच्या वर अडीच मीटरवर सुरू करा. दोन लांबीच्या दिशेने, परस्परांच्या विरुद्ध बाजूंना. दोन रुंदीच्या दिशेने निघून कठड्याला समांतर वळलेल्या. टॉवर मधोमध असला तरी कुठलीही २० मीटरची तार सरळ बसणार नाही, वळवावीच लागेल. वळणाने फार बिघडत नाही. समोरासमोरच्या जोड्या सारख्या वळवल्या की पुरे. कठड्याला पीव्हीसी पाइप उभे बांधून त्यांवरून तारा न्या. साधी पीव्हीसी आवरणाची अडीच चौरस मिलिमीटरची वायर चालते. आवरणामुळे लांबी थोडी कमी भरते, म्हणून २० मीटर कापून मग छाटत या. जुळवायची रीत सोपी आहे. समोरासमोरच्या दोन तारा टॉवरपासून सोडवून मध्ये नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) लावा, जणू तो एक बुटका डायपोल आहे, आणि ३.५५ ला रेझोनन्स येईपर्यंत, म्हणजे तारा त्या वारंवारतेला जुळेपर्यंत, दोन्ही टोकं सारखी छाटा. दुसऱ्या जोडीचंही तसंच. मग चौघींना एकत्र टॉवरला जोडा. जोडल्यावर आकडे थोडे सरकतील, त्याची चिंता नको.

आताचा डायपोल याच तारांना समांतर आणि त्यांच्यापासून दीड मीटरवर येईल. तो उतरवावाच लागेल. मात्र लगेच नको. त्याचं कारण शेवटी येतं.

गॅमाची तार टॉवरपासून पाऊण मीटर लांब ठेवा. पीव्हीसीच्या आडव्या दांड्या वर, मध्ये आणि खाली. टॉवरला जोडायची जागा रेडियल्सच्या सांध्यापासून सात-आठ मीटर वर धरून सुरू करा. नॅनोव्हीएनए कोअक्सच्या त्या टोकाला कॅलिब्रेट करा जिथे ती गॅमाला भेटते. शॅकमध्ये बसून घेतलेला आकडा इथे कामाचा नाही. आता फक्त रोधाकडे पाहा. तो ५० च्या खाली असेल तर जोड वर सरकवा, वर असेल तर खाली. रोध ५० च्या जवळ आला की उरलेला इंडक्टिव्ह (कॉइलसारखा) रिअ‍ॅक्टन्स मालिकेतल्या कपॅसिटरने मारायचा. तो २०० ओहम निघाला तर ३.५५ वर सव्वादोनशे पिकोफॅरॅड लागतात. जोड हवा तितका वर नेता आला नाही तर खाली गॅमा तारेपासून टॉवरला आणखी एक कपॅसिटर लावून रोध वाढवता येतो. तो ओमेगा मॅच. मोजताना आकडा थरथरत असेल तर कुणाला तरी टॉवरचा एकेक सांधा हलकेच हलवायला सांगा. आकडा ज्या सांध्याला उडी मारेल तोच गुन्हेगार. मालवणीच्या आकाशवाणीच्या मध्यम लहरींच्या प्रक्षेपकांमुळेही नॅनोव्हीएनए गोंधळू शकतो. संध्याकाळी, दुपारी, कधीही आकडा निष्कारण नाचत राहिला तर मध्ये हाय-पास फिल्टर घालून पुन्हा कॅलिब्रेट करा.

कपॅसिटरवरचं व्होल्टेज लक्षात घ्या. १०० वॉट ५० ओहममध्ये म्हणजे १.४ अँपिअर, २०० ओहम रिअ‍ॅक्टन्सवर शिखर व्होल्टेज ४०० येतं. पुढे ४०० वॉटला गेलात तर ८००. जुन्या रेडिओतला हवेचा व्हेरिएबल कोरड्या दिवशी हे सोसतो, दमट रात्री मात्र पात्यांमध्ये ठिणगी पडते. म्हणून व्हेरिएबलने मूल्य शोधा, मोजून घ्या आणि मग तिथे उच्च व्होल्टेजचे मायका किंवा डोअरनॉब कपॅसिटर कायमचे बसवा. डबा हवाबंद करायचा मोह टाळा. तो रात्री आतून घामेजतो आणि पाणी तळाशी साठतं. तळाला दोन भोकं पाडा आणि त्यांवर बारीक जाळी लावा. जाळी पालींसाठी. उबदार कोरडा डबा पालीला फार आवडतो, आणि दोन पात्यांमध्ये शिरलेली पाल म्हणजे पालही गेली आणि रिगचा फायनल, म्हणजे शेवटचा शक्तिवर्धक, हाही धोक्यात.

कोअक्स गॅमाच्या डब्यापाशी येते तिथेच कॉमन-मोड चोक (कोअक्सच्या शील्डच्या बाहेरून वाहणारा आरएफ अडवणारी कॉइल) हवा. ३१ क्रमांकाच्या मिश्रणाच्या, ६१ मिलिमीटर व्यासाच्या दोन फेराइट रिंग एकत्र धरून त्यांवर बारीक कोअक्सचे दहा-बारा वेढे. खालच्या बँडना हेच मिश्रण योग्य.

हे सगळं झाल्यावर तुमचं प्रक्षेपण सुधारेल, पण ऐकणं बहुधा आणखी बिघडेल. उभा अँटेना आसपासच्या घरांतला नॉइज आनंदाने गोळा करतो. म्हणून वेगळा रिसीव्हिंग लूप ही चैन समजू नका. ८० आणि १६० वर बाहेरून येणारा नॉइज रिसीव्हरच्या स्वतःच्या नॉइजपेक्षा कितीतरी वर असतो, त्यामुळे लूपमधून सिग्नल बारीक आला तरी चालतो. सिग्नल आणि नॉइज यांचं प्रमाण सुधारलं की झालं. सुमारे एक मीटर व्यासाचा अ‍ॅक्टिव्ह लूप, टॉवरपासून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, हाताने किंवा छोट्या रोटेटरने फिरेल असा. सिग्नलच्या दिशेला लूप धरायचा असतो असं अनेकांना वाटतं. खरा फायदा उलट्या बाजूने आहे: लूपच्या आकृतीत जो खोल खळगा असतो तो जवळच्या नॉइजच्या दिशेला धरायचा. बेव्हरेज अँटेनाला, म्हणजे जमिनीलगत ताणलेल्या लांब तारेला, शंभर-दीडशे मीटर मोकळी जमीन लागते, तो मुंबईत विसराच. लूपचा प्रीअ‍ॅम्प वाचवायला प्रक्षेपणाच्या वेळी त्याला रिलेने तोडायची सोय मात्र पहिल्या दिवसापासून हवी.

लूप येण्याआधी एक संध्याकाळ नॉइज शोधण्यात घाला. रिग बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. एस-८ चा एस-५ झाला तर चोर घरातच आहे: एलईडीचे ड्रायव्हर, राउटरचा अडॅप्टर, सेट-टॉप बॉक्स. काहीच फरक पडला नाही तर छोटा ट्रान्झिस्टर मध्यम लहरींवर, दोन स्टेशनांच्या मधल्या जागी लावून जिन्याने खाली-वर करा. लिफ्टचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) हा नव्या इमारतींतला नेहमीचा संशयित: लिफ्ट हलली की नॉइज चढतो, थांबली की पडतो. सोलर इन्व्हर्टर दिवसा ओरडतो, रात्री गप्प, त्यामुळे डीएक्सच्या, म्हणजे लांबच्या संपर्काच्या, वेळी तो सहसा त्रास देत नाही. शेजाऱ्यांकडे जाताना हातात पर्यायी अडॅप्टर आणि फेराइटच्या क्लिपा घेऊन जा. "तुमचा चार्जर खराब आहे" पेक्षा "काका, हा लावून बघू का?" याने दार लवकर उघडतं.

१६० बद्दल खरं चित्र ठेवतो. १.८३ मेगाहर्ट्झला तुमचा टॉवर फारच बुटका आहे. बीमचा भार धरूनही रेडिएशन रोध चार ओहमच्या आसपास. परतीच्या वाटेत १६ ओहम जात असतील तर १०० वॉटमधले २० वॉटच हवेत जातात. तरीही १६० वर २० वॉट हवेत जाणं म्हणजे काहीच नाही असं नव्हे. एफटी-८ या संगणकावरच्या डिजिटल पद्धतीने १.८४० ला आणि सीडब्ल्यूवर (मोर्स कोडने) यातून युरोप होतो. तीच गॅमा तार ओमेगाने १६० ला जुळवता येते, फक्त कपॅसिटरवरचं व्होल्टेज जास्त असतं आणि बँडविड्थ अगदी अरुंद. थोडं अधिक हवं असेल तर वरच्या गाय-वायरचे पहिले तीन-चार मीटर टॉवरला जोडून इन्सुलेटर त्यांच्या खालच्या टोकाला घाला. त्या छत्रीसारख्या भाराने टॉवर विद्युतदृष्ट्या लांब होतो. हे केलं तर ८० ची जुळणी पुन्हा करावी लागेल, म्हणून आधी ठरवा. मी तुमच्या जागी असतो तर पहिला हिवाळा फक्त ८० ला दिला असता.

मुलुंड पूर्वेचा एक फायदा तुमच्या लक्षात आला नसेल. उभ्या अँटेनाची कमी कोनातली ताकद लांबवरच्या जमिनीच्या वाहकतेवर अवलंबून असते, आणि खाऱ्या पाण्याची वाहकता साध्या जमिनीच्या शेकडो पट असते. तुमच्या पूर्वेला मिठागरं आणि ठाण्याची खाडी आहे. जपानच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या बाजूला टॉवर डायपोलला सहज मागे टाकेल अशी माझी अपेक्षा आहे. युरोपच्या दिशेला बेसाल्ट आणि येऊरचे डोंगर आहेत. तिकडे फरक पडेल, पण कमी.

सोसायटीचा भाग टाळू नका. रेडियल्सच्या टोकांना आणि गॅमा तारेवर प्रक्षेपणाच्या वेळी जबर व्होल्टेज असतं, आणि वायरचं आवरण त्यापासून वाचवत नाही. गच्चीवर ताणलेली तार दिसली की कोणी तरी तिच्यावर ओली चादर टाकणारच. म्हणून अडीच मीटरच्या खाली काहीही नको, टॉवरच्या पायाभोवती साधं लाकडी कुंपण घाला आणि कमिटीला लेखी कळवा. टॉवरचा पाया गच्चीच्या तुळईवर आहे की नुसत्या स्लॅबवर, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून एकदा पाहून घ्या. इमारतींवरच्या भारांसाठीच्या आयएस ८७५ या भारतीय मानकात मुंबईचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर धरला आहे. मे २०२१ च्या तौक्ते वादळाने अशा वाऱ्याची चुणूक दाखवली होतीच. जून ते सप्टेंबर टॉवरवर चढू नका. वरचं काम ऑक्टोबरच्या कोरड्या सकाळी, हार्नेस लावून, खाली माणूस ठेवूनच.

आता डायपोल लगेच का उतरवायचा नाही ते. उतरवण्यापूर्वी काही रात्री त्यावर ३.५६८६ मेगाहर्ट्झला डब्ल्यूएसपीआर (आपला बारीक सिग्नल कुठे, किती ऐकू गेला ते नोंदवणारी पद्धत) चालवा आणि कुठल्या स्टेशनने किती डेसिबेलने ऐकलं ते जपून ठेवा. मुंबईतल्या किंवा ठाण्यातल्या एखाद्या मित्राला त्याच रात्री त्याच्या कायमच्या अँटेनावर तेच करायला सांगा. टॉवर जुळल्यावर दोघांनी पुन्हा तसंच करा, आणि स्वतःच्या आकड्यांऐवजी त्याच्या आणि तुमच्या आकड्यांतला फरक आधी किती होता, नंतर किती झाला, ते पाहा. लहरींचा प्रवास रोज बदलतो. "काल युरोप जोरात होता" यावरून अँटेनाबद्दल काही ठरत नाही. नोंदी दिशेनुसार वेगळ्या ठेवा आणि अंधार पडायच्या सुमारास व पहाटे उजाडायच्या आधीच्या तासाला जास्त वजन द्या. डिसेंबरात मुंबईचा सूर्यास्त सहाच्या जरा पुढे होतो, तेव्हा न्यूयॉर्कला सूर्योदय होऊन जेमतेम वीस-तीस मिनिटं झालेली असतात. ८० वर अमेरिकेचा पूर्व किनारा ऐकायची ती एक छोटी खिडकी आहे, आणि सध्याच्या डायपोलवर तिथून काही मिळालं असेल तर तेही नोंदीत हवं. बीमचं मॉडेल आणि त्याचे घटक बूमला जोडलेले आहेत की इन्सुलेट केलेले, एवढं कळवा. गॅमाचा जोड कुठून सुरू करायचा ते त्यावरून अधिक नेमकं सांगता येईल.